दगडानं धरलेलं काळं

भाद्रपदाचा दुसरा पंधरवडा लागला की साताऱ्यात जो तो काहीतरी धूत सुटतो. गॅलऱ्यांच्या कठड्यांवर वाकळा, गच्च्यांवर गाद्या, दारात पालथी घातलेली पिंपं. घट बसायच्या आत घरातली प्रत्येक वस्तू पाण्यातून निघाली पाहिजे. माहुलीच्या घाटावर तर टेम्पो भरभरून धुणं येतं. ओल्या वाकळेचा जड, कोंदट वास, ती पायरीवर आपटल्याचा धप्प आवाज, फेसाचे ओघळ, आणि त्या ओघळांखाली पावसाळाभर वाढलेलं हिरवंगार शेवाळ. दर वर्षी त्यावरून कुणीतरी घसरतं आणि कमरेवर हात ठेवून तेच विचारतं, "ह्या पायऱ्या कुनी घासत न्हाई व्हय रं?"

घासतात. त्याचंच तर दुःख आहे.

गेल्या आठवड्यात सलीमभाईंचा फोन आला. आमच्या चौकात जवानांचं स्मारक आहे, त्याच्या अगदी समोर त्यांचं फरशीचं दुकान, आणि चौकातल्या मंडळाचे तेच अध्यक्ष. "सर, औंदा बी आपलं ते लेपाचं करायचं न्हवं? पोरं विचारत्यात." मी म्हणालो, बघू. ज्या गोष्टीसाठी मी या माणसाशी वर्षानुवर्षं भांडलो, ती तो आता आपण होऊन करतो म्हणतोय, आणि मी बघू म्हणतोय. फोन ठेवल्यावर स्वतःचाच इतका राग आला की चहा तसाच निवत ठेवून मी गच्चीवर जाऊन उभा राहिलो. तिथे शेजाऱ्यांच्या गाद्या वाळत होत्या.

स्मारक म्हणजे चौथऱ्यावर उभा काळ्या दगडाचा चौकोनी खांब. चारी बाजूंना चार संगमरवरी पाट्या, आणि पाट्यांवर सैन्यात कामी आलेल्या सातारा-सांगली भागातल्या जवानांची नावं. प्रत्येक नावापुढे गाव कोरलेलं. पूर्वेकडच्या पाटीवर, खालच्या बाजूला, माझ्या धाकट्या भावाचं नाव आहे. विलास. सरहद्दीवर गेला त्याला आता बरीच वर्षं झाली.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. आधी सांगलीत शिकवलं, आता इथे. दगड मेलेला असतो असं आपण धरून चालतो. माझा सगळा पेशा त्याच्या उलट सांगण्यात गेला. सांगलीत असताना कृष्णेचा पूर ओसरला की मी विद्यार्थ्यांना घाटावर न्यायचो. गाळाचा थर सुकून भेगाळलेला असायचा, त्याला कुजक्या मुळांसारखा वास यायचा. आणि दगडाच्या ज्या सांध्यात ओल टिकून आहे तिथे आठवड्याभरात एक बारीक हिरवी रेघ उमटायची. आधी हिरवं येतं. ऊन तापायला लागलं की तेच जीव अंगाभोवती गडद रंगाचं आवरण धरतात, छत्री धरावी तसं. आणि लोक म्हणतात, दगड काळा पडला. मग त्यांच्या आसऱ्याला बुरशी येते. बुरशी आणि शेवाळ यांनी एकत्र संसार थाटला की त्याचं होतं दगडफूल. पाचगणीच्या पठारावर त्याची राखी-शेंदरी गोल चकंदळं दिसतात. त्यांतली काही माझ्यापेक्षा वयानं मोठी असतील. मी हे सगळं पोटतिडकीनं सांगायचो. शेवटी मागच्या रांगेतून प्रश्न यायचा, "सर, हे परीक्षेला येणार का?"

साताऱ्यात आलो तेव्हा पहिल्याच वर्षी मी चौकात ती धुलाई पाहिली. इथली रीत ठरलेली. काळ्या दगडाला तेल, पांढऱ्याला ॲसिड. खांब तारेच्या ब्रशनं खरवडायचा आणि गोडंतेल चोळून चकचकीत करायचा, देवळातल्या मूर्तीला करतात तसा. त्या तेलावर धूळ बसते, धुळीवर बुरशी, आणि पुढच्या वर्षी आणखी जोरात खरवडायला निमित्त मिळतं. पाट्यांवर मात्र संडासाच्या फरशीचं ॲसिड. ते ओतलं की पाटीवरून फस्स आवाज येतो, पांढरा फेस येतो, पोरं टाळ्या वाजवतात. तो फेस मळाचा नसतो, दगडाचा असतो.

"फेस आला म्हंजी मळ निघतोय, सर," सलीमभाई समजावून सांगायचे. ॲसिड त्यांच्याच दुकानातलं, फुकट दिलेलं. माणूस मनाचा मोठा.

"मळ नाही हो. पाटी निघतेय."

"मंग इतकी वर्सं टिकली कशी ती?"

मी नगरपालिकेत गेलो. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तुमचं म्हणणं काय, घाण राहू द्यायची?" मी म्हणालो, तशी घाण नसते ती, जीव असतात, काही दगडाला राखतातसुद्धा, काढायची तर हळू, नुसत्या पाण्यानं, मऊ ब्रशनं, जे निघत नाही ते सोडून द्यायचं. साहेबांनी मान हलवली आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं. चौकात माझं नाव पडलं "शेवाळसर". किराणा दुकानात कुणीतरी मुद्दाम विचारायचं, "काय सर, आज बुरशीची तब्येत कशी हाय?" मी हसायचो. घरी येऊन जेवताना बायकोवर उगाच चिडायचो.

आणि एवढं सगळं गावाला सांगणाऱ्या माझ्या स्वतःच्या घरातून दर वर्षी एक तांब्या त्या खांबाकडे जात होता.

शस्त्रानं गेलेल्यांचं श्राद्ध चतुर्दशीला असतं, सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी. आमचं गाव उंब्रजजवळचं. मी साताऱ्यात आलो तेव्हा आई आमच्याकडे राहायला आली, पण त्याआधीही ती त्या दिवशी एसटीनं येऊन स्मारकावर जायची. तिला श्राद्धाचे विधी वगैरे काही ठाऊक नाहीत. सावडायला जसं दूध घालतात तसं ती विलासच्या नावावर दूध घालायची. नुसतं दूध, पहिल्या वर्षी. मग त्यात साखर आली. "बिनसाकरंचं त्यो कवा प्यायचा?" मग चमचाभर दही, कारण दुधाबरोबर दही लागतं. मग बोटभर तूप, उन्हानं दगड तडकू नये म्हणून. होता होता सगळं पंचामृतच झालं.

प्रयोगशाळेत बुरशी वाढवायची असेल तर आम्ही तिला काय घालतो? साखर, थोडी प्रथिनं, थोडी आंबट ओल. आईनं हे पुस्तकाशिवाय जमवलं होतं. चारी पाट्या पांढऱ्याधोप आणि विलासच्या नावावर पंजाएवढं काळं, त्याच्या कडेला राखी रंगाची बारीक फुलं. ॲसिडसुद्धा तिथे धड लागत नसे, वर तुपाचा थर. पण त्या थराखाली दह्याचा आंबटपणा संगमरवराला खात होता. नाव आतून भुसभुशीत होत चाललं होतं. मी नख लावून पाहिलं तेव्हा पांढरी पूड निघाली.

ही गोष्ट मी तिला सांगू शकलो नाही. गावाला सांगायला मला तोंड होतं. आम्ही दोघं भाऊ. एकानं शिकायचं आणि एकानं भरती व्हायचं असं घरात कुणी ठरवलं नव्हतं. मी पुस्तकाला आधी हात घातला, एवढंच. तो धावायला जायचा तेव्हा मी कंदिलाशेजारी वाचत बसलेलो असायचो, आणि आई दोघांसाठीही चहा करायची. ज्या बाईनं एक मुलगा पाटीवर दिला तिला दुसऱ्या मुलानं, जो पंख्याखाली बसून पगार घेतो, त्यानं काय सांगायचं? आई, तुझं दूध त्याचं नाव खातंय?

म्हणून मी गप्प राहिलो, आणि दर वर्षी तांब्या घेऊन जाणाऱ्या तिच्या पाठीकडे बघून चिडत राहिलो.

गेल्या वर्षीचा हंगाम मात्र निराळा होता. पाऊस लांबला होता. पितृपंधरवडा आला तरी संध्याकाळी सर यायची, घाटावर धुतलेल्या वाकळा ओल्याच परत जायच्या, शहरभर न वाळलेल्या कापडाचा वास भरून राहिला होता. सलीमभाई एका सकाळी स्वतः घरी आले. पाट्यांवरच्या अक्षरांत ते दर वर्षी आपल्या हातानं काळा रंग भरतात. चप्पल काढून दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "सर, पश्चिमेच्या पाटीवर ब्रश फिरवतोय तर घसरतोय. खाली अक्षरच न्हाई. रंग कशात भरू?"

मी त्यांना "सांगितलं होतं ना" असं म्हणालो नाही. मनात मात्र म्हणालो, आणि एकदा नाही.

मग आम्ही लेप केला. मुलतानी माती पाण्यात कालवून पाट्यांवर जाड थापायची, वर ओलं फडकं, सावकाश वाळू द्यायची. माती वाळताना आतला मळ आपल्याकडे ओढून घेते. मग मऊ ब्रशनं आणि नुसत्या पाण्यानं काढायची. पोरांना चेष्टेला विषयच मिळाला. रस्त्यावरून जाणारा एकजण स्कूटर थांबवून म्हणाला, "सर, पार्लर काढलं व्हय?" त्यावर मंडळातल्या एकानं सांगितलं, "व्हय, तुमचा नंबर संध्याकाळी हाय, आंघूळ करून या." मी खूप दिवसांनी मोकळा हसलो. ओल्या मातीचा वास, फडक्यांतून ठिबकणारं पाणी, सलीमभाईंच्या दुकानातून येणारा चहा, आणि दर दोन मिनिटांनी कुणीतरी विचारतंय, "सर, एवढं बास का? सर, हे असंच ना?" इतक्या वर्षांनी कुणीतरी माझं ऐकत होतं. त्या सुखाला मी किती हपापलो होतो हे मला तेव्हा कळलं नाही.

आई त्या दिवसांत गावी होती, भावकीत महाळाला, पितरांच्या जेवणाला. मी ते बघूनच दिवस धरला. पूर्वेची पाटी मी दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नाही. विलासच्या नावावर लेप पुन्हा पुन्हा लावला. काळं सुटत गेलं, राखी फुलं ओली होऊन सुती दोऱ्यांसारखी निघाली, आणि वेलांटी दिसली, मग व, मग ल. कडा झिजल्या होत्या, पण नाव होतं. सलीमभाईंनी त्यात रंग भरला. आम्ही सगळ्यांनी फोटो काढला. मला वाटलं, चला, भावासाठी एक काम केलं.

चतुर्दशीला आई सकाळच्या गाडीनं आली ती थेट चौकातच उतरली. मी तिची वाट बघत उभा होतो. तिनं पिशवीतून तांब्या काढला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खांबाकडे गेली. पूर्वेच्या पाटीपुढे थांबली नाही. दक्षिणेला गेली. पश्चिमेला गेली. पूर्ण फेरी घालून परत पूर्वेला आली आणि पुन्हा चालायला लागली. मला आधी वाटलं, ही प्रदक्षिणा घालतेय.

दुसऱ्या फेरीत ती माझ्यापुढे थांबली. "कुठं गेला रं त्यो?"

"कोण?"

"आपला."

मी तिचा हात धरून नावावर ठेवला. "हा काय, आई. इथंच आहे. स्वच्छ केलंय."

तिनं अक्षरांवरून बोटं फिरवली. एकदा वरच्या नावावरून, एकदा खालच्या, मग परत. "ह्यो न्हवं."

"अगं हाच. लिहिलंय ना. विलास."

"ते तुला," ती म्हणाली.

आई अंगठा लावते. हे मला लहानपणापासून माहीत आहे. पेन्शनच्या कागदांवर मीच तिचा अंगठा धरून टेकवतो. आणि ती दर वर्षी नेमक्या त्याच नावावर दूध घालते हेही मी बघत आलो होतो. पहिल्या वर्षी कुणीतरी तिला बोटानं दाखवलं असणार, आणि तिथून पुढे ते काळंच तिला बोलावत होतं. या दोन गोष्टी एकाच डोक्यात असून त्यांची एकमेकींशी कधी गाठच पडली नाही. मी शिकलेला माणूस. मला वाटायचं, नाव म्हणजे वाचायची गोष्ट.

"कुनी केलं ह्ये?" तिनं विचारलं.

"मंडळानं," मी म्हणालो. माझ्या तोंडून ते इतक्या पटकन आलं की मलाच नवल वाटलं.

तिनं दूध घातलं नाही. तांब्या तसाच पिशवीत ठेवला, आणि घरी येईपर्यंत रिक्षात तो हिंदकळत राहिला.

त्यानंतरचं वर्ष कसं गेलं ते सांगण्यासारखं काही नाही, आणि तेच सांगायचं आहे. ती रागावली नाही. रागावली असती तर मला उत्तर देता आलं असतं. चौकावरून जाताना ती आधी रिक्षातून मान बाहेर काढून बघायची. आता समोर बघत बसायची. चैत्रात चटणी करायची वेळ आली तेव्हा मी तिच्याजवळ बसून मसाला निवडत होतो. मिरच्यांची धग नाकात, धण्याचा उबदार वास, आणि सुपात दगडफुलाची काळपट, कुरकुरीत पानं. ती एकेक उचलून हुंगत होती, खडे झटकत होती.

"ह्ये म्हंजी काय असतं रं?"

मी सांगितलं. बुरशी आणि शेवाळ, दोघांचा एकत्र संसार, दगडावर किंवा झाडावर.

"बुरशी खायला घालती व्हय मी तुमास्नी?"

"चांगली असते ही."

तिनं एक पान उजेडात धरलं. "विल्याच्या नावावर हुतं ते ह्येच न्हवं?"

"त्याच्याच भावकीतलं," मी म्हणालो.

"मंग खरवडून कुठं टाकलंस?"

माझा हात सुपात तसाच राहिला. ती माझ्याकडे बघतही नव्हती. "तुज्या नखांत पिवळी माती हुती त्या दिशी. मंडळाची पोरं एवढी मरमर करत्यात व्हय?" आणि मग, पुढचा खडा काढत, अगदी साध्या आवाजात, "काळा हुता तवा लांबनं दिसायचा."

मी माफी मागितली. ती म्हणाली, मिरच्या बाजूला घे, डोळ्यांत जाईल.

या पावसाळ्यात मी जवळजवळ रोज त्या पाटीजवळ थांबत होतो. छत्री खांद्यावर टेकवून, चष्मा पुसून, अक्षरांच्या खाचांत कुठे हिरवं दिसतंय का ते बघत. आयुष्यभर ज्यांच्या चिवटपणाबद्दल शिकवलं, ते माझ्या गरजेला येईनात. आषाढ गेला, श्रावण गेला, पाटी कोरीच. मी काम फार नीट केलं होतं. प्रयोगशाळेतली एखादी बशी नेऊन तिथे ओतावी असंही एकदा मनात आलं, आणि वर्गात शिकवताना मधेच ते आठवून मी वाक्य विसरलो. दगडफुलाचा वाढीचा वेग मी फळ्यावर लिहितो. वर्षाला एखाद्या केसाच्या जाडीइतकं, कधी त्याहून थोडं जास्त. आईचं वय मी कुठे लिहीत नाही, पण मला ते ठाऊक आहे. हा हिशेब जमणार नव्हता, आणि तो मीच बिघडवला होता. वर सलीमभाईंचा फोन, औंदा बी करायचं न्हवं? हो म्हणालो तर यंदाही ती पाटी कोरी. नाही म्हणालो तर इतकी वर्षं मी ज्यासाठी ओरडलो ते खोटं, आणि पोरं परत ॲसिडकडे वळायला मोकळी. एकच नाव काळं ठेवा म्हणावं तर का म्हणून सांगू? चौकात आईची निरक्षरता वाटत फिरू?

काल चतुर्दशी होती. आई म्हणाली, "तूच जा. मला काय कळतंय तिथं." मी हट्ट धरला. वाटेत डेअरीतून दूध घेतलं. साखर, दही, तूप तिनं न बोलता घरून बांधून घेतलं होतं.

खांबापाशी पोचल्यावर मी तिला विलासच्या नावाजवळ नेलं नाही. काय करायचं हे ठरवून आलो नव्हतो. पण ती पाट्यांकडे ज्या नजरेनं बघत होती, परक्या घराच्या बंद दाराकडे बघावं तशी, ती मला सोसवेना. मी वाचायला लागलो. मोठ्यानं. दत्तात्रय, उंब्रज.

"आपल्या उंब्रजचा?"

"हो."

"कुनाचा रं?"

मी आडनाव सांगितलं. तिला ते घर माहीत होतं, गिरणीच्या मागचं. "त्येची आई गेली मागंच," ती म्हणाली. "कुनी येत नसंल मग." मी पुढचं नाव वाचलं, त्याच्या पुढचं. ती प्रत्येक गाव विचारत होती, ते कुठल्या बाजूला, तिथं पाणी आहे का, ऊस का जोंधळा. इतकी वर्षं ती या खांबाशी येत होती आणि बाकीच्यांची नावं तिला कुणी सांगितली नव्हती. म्हणजे मी सांगितली नव्हती.

विलासचं नाव आलं तेव्हा मी तिचं बोट धरून अक्षरांतून फिरवलं. या वेळी तिनं हात काढून घेतला नाही. थोडं दूध तिथे घातलं. मग उंब्रजच्या दत्तात्रयावर घातलं. मग म्हणाली, "वाच की पुढं."

उत्तरेच्या पाटीवर नाव आलं, अकबर, आटपाडी. ती थबकली. समोर सलीमभाईंनी दुकानाचं शटर वर केलं होतं, ते आमच्याकडे बघत रस्ता ओलांडून आले. पाट्यांवरून ओघळणारं दूध त्यांनी पाहिलं, मला पाहिलं, आणि काही बोलायच्या आत आईनंच विचारलं, "आवं, तुमच्यात दूध चालतं का?"

"न चालायला काय झालं, मावशी? शिरखुर्मा कशाचा करतो आमी?"

"साकर हाय ह्यात."

"मंग तर पळतंय."

तिनं तिथेही घातलं. सलीमभाई माझ्याकडे वळले. आवाज खाली आणून, पण हसू न आवरता म्हणाले, "सर, लोकांस्नी इतकी वर्सं शिव्या घातल्या, आनि आज ह्ये? समदा खांब काळा पडंल की वो."

"पडू दे की," आई म्हणाली. "घासायला ह्यो हाय."

मला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. मला नेमकं दिसत होतं पुढे काय होणार ते. दुधाचा पातळ थर अक्षरांच्या खाचांत साठेल, उद्या आंबेल, आठवड्याभरात तिथे काहीतरी मुक्कामाला येईल, आणि खाली दगड कणाकणानं जाईल. सगळ्यांचा. तिला हे आज सांगावं, अजून वेळ आहे, असं मनात आलं; आणि सांगायला मी तोंड उघडलंही.

"वरच्यास्नी माजा हात पुरत न्हाई," ती म्हणाली, आणि तांब्या माझ्या हातात दिला.

मी चौथऱ्यावर चढलो. सगळ्यात वरचं नाव वाचलं, त्याचं गाव वाचलं, आणि तांब्या तिरका केला.